जखमेला नाव कोण देते?

काही वर्षांपूर्वी मी माझ्या वडिलांना एका सरकारी दवाखान्याच्या मनोविकार विभागात घेऊन गेलो. पावसाळा सुरू झाला की त्यांची झोप उडते. रात्री ते तीन-तीनदा उठून दाराची कडी आणि गॅसची चावी तपासतात. चप्पल पायथ्याशी नव्हे, उशाशी ठेवून निजतात. गल्लीत कुणी पालापाचोळा पेटवला तर घास तसाच ताटात टाकून बाहेर येतात. भोसरीच्या एका वर्कशॉपमध्ये तीस वर्षे लेथवर उभा राहिलेला हा माणूस. कामात कधी खाडा नाही, दारूचा थेंब नाही. डॉक्टरांनी विचारले, "काका, झोप येते का? भूक लागते का? काही व्यसन? घरात पूर्वी कुणाला असा त्रास होता का?" वडील "नाही साहेब," "होय साहेब," करीत राहिले. शेवटी डॉक्टरांनी विचारले, "गाव कोणतं?" वडील म्हणाले, "सांगवी." डॉक्टरांनी तसे लिहून घेतले. केसपेपरवर निद्रानाश आणि चिंता असे दोन शब्द आले आणि पंधरा दिवसांच्या गोळ्या मिळाल्या.

त्या केसपेपरात खोटे काहीच नव्हते. झोप येत नव्हती, चिंता होती, आणि राहतो आम्ही सांगवीलाच, मुळा आणि पवना या दोन नद्यांच्या बेचक्यात. डॉक्टर वाईट नव्हते. दारात पन्नास माणसे ताटकळत होती. पण वडिलांचे गाव सांगवी नाही. ते नांदेड जिल्ह्यातले आहेत, आणि १९७८ च्या ऑगस्टात, वयाच्या चौदाव्या वर्षी, घर जळताना पाहून ते एक आख्खी रात्र ओढ्याकाठच्या झुडपांत पावसात बसले होते. हे त्यांनी मला कधी सांगितले नाही. आत्याने सांगितले, तेही मी एम.ए.ला असताना. त्याच सुमारास ग्रंथालयात 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'च्या मे १९७९ च्या अंकात अत्याचारविरोधी समितीचा मराठवाड्यातील दंगलींवरचा अहवाल माझ्या हाती लागला. आपल्या घराचा इतिहास मुलाने इंग्रजी नियतकालिकात वाचावा आणि बापाने तो डॉक्टरलाही सांगू नये, असे का व्हावे? या प्रश्नापायी मी मनोविकारशास्त्राचा इतिहास वाचू लागलो. मी या शास्त्राचा विद्यार्थी नाही. पण ज्या शास्त्रापुढे आपली माणसे रांगेत उभी राहतात, ते शास्त्र जखम कशाला म्हणते, हे आपण विचारलेच पाहिजे.

२

ज्याला इंग्रजीत 'ट्रॉमा' म्हणतात तो शब्द मूळचा ग्रीक. अर्थ साधा आहे : जखम. एकोणिसाव्या शतकापर्यंत हा शब्द शल्यविशारदांचा होता. हाड मोडले, कातडी फाटली, तर ट्रॉमा. तो मनाला लागू झाला तो रेल्वेमुळे. इंग्लंडात गाड्यांचे अपघात होऊ लागले. अंगावर ओरखडा नसलेले प्रवासीही पुढे महिनोन्महिने थरथरत, झोपेत दचकत, गाडीत पाऊल टाकायला धजत नसत. १८६६ मध्ये जॉन एरिकसन या शल्यविशारदाने याचे कारण मणक्याला बसलेला हादरा असे सांगितले. रेल्वेकंपन्यांना नुकसानभरपाई द्यावी लागत होती, म्हणून त्यांचे वकील म्हणत, ही सोंगे आहेत. १८८३ मध्ये रेल्वेकंपनीचाच शल्यविशारद हर्बर्ट पेज याने मांडले की मणक्याला काही झालेले नाही, हा भीतीचा परिणाम आहे. म्हणजे मनाच्या जखमेची चर्चा जन्मली तीच भरपाईच्या दाव्यात. ज्याला वकील करता येत होता त्याचे थरथरणे तपासले गेले.

पुढे पॅरिसमध्ये पिएर जाने याने एक महत्त्वाचा भेद केला. साधी आठवण सांगता येते. तिला आरंभ आणि शेवट असतो आणि ती ऐकणाऱ्याप्रमाणे लहानमोठी होते. आघाताची आठवण मात्र सांगितली जात नाही, ती पुन्हा घडते. जळका वास आला की माणूस 'तेव्हा'ची आठवण काढीत नाही, तो 'तेव्हा'तच असतो. माझ्या वडिलांचे घास टाकून उठणे मला जानेने समजावले. १८९६ मध्ये फ्रॉइडने व्हिएन्नात सांगितले की उन्मादाच्या रोगी स्त्रियांच्या मुळाशी बालपणी झालेले लैंगिक अत्याचार आहेत. पुढच्याच वर्षी त्याने ते मत मागे घेतले. आरोप प्रतिष्ठित घरांतल्या बापांवर येत होता. त्याच्या माघारीची कारणे अभ्यासक आजही तपासतात, पण बायकांची साक्ष त्यानंतर कैक दशके कल्पना म्हणून बाजूला पडली, एवढे खरे.

मग पहिले महायुद्ध आले. १९१५ मध्ये चार्ल्स मायर्स याने 'लॅन्सेट'मध्ये 'शेल शॉक' हा शब्द छापला. खंदकातले धडधाकट जवान मुके होत, आंधळे होत, त्यांचे पाय चालेनासे होत. इथेही वर्ग सुटला नाही. अधिकाऱ्याला झाले तर ते मज्जातंतूंचे दौर्बल्य, आणि साध्या शिपायाला झाले तर उन्माद किंवा भेकडपणा. रण सोडल्याच्या आणि भेकडपणाच्या अशा आरोपांवरून ब्रिटिश सैन्याने आपले तीनशेहून अधिक सैनिक गोळ्या घालून मारले. त्यांतल्या ३०६ जणांना सरकारने माफी दिली ती २००६ मध्ये.

या इतिहासात महाराष्ट्राचे एक गाव आहे. नाशिकजवळचे देवळाली. नोकरीची मुदत संपलेले गोरे सोल्जर तिथल्या छावणीत मायदेशी जाणाऱ्या बोटीची वाट पाहत महिनेच्या महिने पडून राहत. उकाडा, हिवताप, दारू आणि रिकामपण यांनी ते भ्रमिष्ट होत. त्यावरून इंग्रजीत वेड लागणे याला 'डूलॅली टॅप' असा शब्दच पडला : देवळालीचा ताप. गोऱ्या शिपायाच्या कंटाळ्याला इंग्रजी भाषेने आमच्या गावाचे नाव देऊन टाकले. त्याच छावण्यांत पाणी वाहणाऱ्या, झाडू मारणाऱ्या, घोड्यांची लीद काढणाऱ्या माणसांच्या मनाला काय होत होते, त्याला कुठल्याच भाषेत शब्द पडला नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस महारांची सैन्यभरती बंद झाली. महायुद्धात माणसे कमी पडली तेव्हा १९१७ मध्ये १११ वी महार पलटण उभी केली, आणि १९२१ मध्ये गरज सरताच मोडली. पिढ्यानपिढ्या लष्करात वाढलेल्या घरांना पुन्हा महारकीकडे ढकलणे हा आघात नव्हता काय? पण हा प्रश्न दवाखान्याचा आहे असे तेव्हा कुणालाही वाटले नसते.

३

आता १९७८ कडे येऊ. २७ जुलै १९७८ रोजी मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव महाराष्ट्र विधिमंडळाने संमत केला, आणि मराठवाडा पेटला. शेकडो गावांतून दलित वस्त्यांवर हल्ले झाले. घरे जाळली, विहिरी नासवल्या, उभी पिके उपटली. ४ ऑगस्टला नांदेड जिल्ह्यात पोचिराम कांबळे यांना जिवंत जाळून मारले. पंचनामे झाले त्यांत घरांचे पत्रे, भांडी, धान्याची पोती आणि जनावरे मोजली गेली. मनाला काय झाले याचा रकाना त्या पंचनाम्यांत असणे शक्यच नव्हते. कारण ज्या नावाने आज डॉक्टर ही जखम ओळखतात, ते नाव तेव्हा जगात कुठल्याही अधिकृत यादीत नव्हते.

ते आले १९८० मध्ये. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने विकारांच्या आपल्या सूचीची तिसरी आवृत्ती काढली, तीत 'आघातोत्तर ताणविकृती' हे नाव प्रथम आले. प्रसंग पुन्हा पुन्हा डोळ्यांपुढे उभा राहणे, स्वप्ने पडणे, त्याची आठवण देणाऱ्या गोष्टी टाळणे, सदा सावध आणि दचकते असणे, आपण वाचलो याचाच अपराध वाटणे, ही त्याची लक्षणे. ही नवी गोष्ट प्रयोगशाळेत सापडलेली नव्हती. व्हिएतनामहून परतलेल्या सैनिकांनी १९७० च्या सुमारास न्यूयॉर्कमध्ये आपले आपण गट करून बोलायला सुरुवात केली होती. चेम शॅटन आणि रॉबर्ट लिफ्टन हे मनोविकारतज्ज्ञ त्यांच्यात जाऊन बसले, आणि पुढे दहा वर्षे संघटनेशी भांडले. त्यांच्या जोडीला बलात्कार आणि घरातील मारहाण यांविरुद्ध उठलेली स्त्री-चळवळ होती. माझ्या दृष्टीने या सगळ्या इतिहासाचे सार इथे आहे. जखम आधीपासून होती. तिला नाव मिळाले ते जखमी माणसांमागे चळवळ उभी राहिली तेव्हा. आणि ज्या वर्षांत न्यूयॉर्कमध्ये हे सैनिक बोलू लागले, त्याच वर्षांत, १९७२ मध्ये, मुंबईत दलित पँथर जन्मली होती. आमच्याकडेही बोलणे सुरू झाले होते. फक्त ते दवाखान्यात पोचले नाही.

नाव मिळाल्यानंतरची गोष्ट त्याच मराठवाड्यातली आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणेशविसर्जनाच्या रात्रीनंतर, लातूर-उस्मानाबाद भागात किल्लारीचा भूकंप झाला. सुमारे दहा हजार माणसे मेली. या वेळी मनोविकारतज्ज्ञ भूकंपग्रस्तांपर्यंत पोचले. आघातोत्तर ताणविकृती आणि नैराश्य हे विकार वाचलेल्यांत मोठ्या प्रमाणावर आढळले, आणि त्याचा अहवाल १९९६ मध्ये अमेरिकेतल्या मनोविकारशास्त्राच्या नियतकालिकात छापून आला. हे योग्यच झाले. ढिगाऱ्याखाली लेकरे गमावलेल्या माणसांचे दुःख कुणी मोजले याचा मला आनंदच आहे. भूकंपानंतर साडेतीन महिन्यांनी, १४ जानेवारी १९९४ रोजी, विद्यापीठाचा नामविस्तार झाला. साडेपंधरा वर्षांची एक यातना त्या दिवशी कागदावर संपली. पण भूकंपग्रस्त गावांत गेलेले शास्त्र जळालेल्या वस्त्यांकडे वळण्यात एक अडचण होती, आणि ती अंतराची नव्हती.

४

ती अडचण व्याख्येत आहे. १९८० च्या सूचीने आणि अधिक स्पष्टपणे १९८७ च्या सुधारित आवृत्तीने म्हटले की आघात म्हणजे नेहमीच्या मानवी अनुभवाच्या कक्षेबाहेरचा प्रसंग. भूकंप कक्षेबाहेरचा, युद्ध कक्षेबाहेरचे. पण नेहमीचा अनुभव कुणाचा? अमेरिकन मानसशास्त्रज्ञ लॉरा ब्राऊन यांनी १९९१ मध्ये स्त्रियांच्या बाजूने नेमका हाच प्रश्न केला. ज्या जगात बायकांना अत्याचार रोजचा आहे, तिथे 'नेहमीचे' ठरवणारा माणूस कोण आहे? आपण हाच प्रश्न गावकुसाबाहेरून विचारू शकतो. जातीचा मार आपल्याला अपवाद म्हणून बसत नाही, तो व्यवस्थेचा नित्यक्रम आहे. जे रोज घडते ते व्याख्येने आघात नव्हे.

१९९४ मध्ये ही अट गळाली. पण २०१३ च्या पाचव्या आवृत्तीने प्रत्यक्ष मृत्यू वा मृत्यूची धमकी, गंभीर इजा किंवा लैंगिक हिंसा असेल तरच आघात, अशी मर्यादा घातली. ही कसोटी बाबासाहेबांच्या बालपणाला लावून पाहा. १९०१ च्या सुमारास नऊ वर्षांचा भीमराव आपल्या भावंडांबरोबर मसूर स्टेशनवर उतरला. वडिलांना भेटायला कोरेगावला जायचे होते. जात कळताच स्टेशनमास्तर मागे सरला, गाडीवान मिळेना, दुप्पट भाड्याने मिळाला तो गाडीत बसायला तयार नव्हता. रात्रभर डबा उघडून जेवता आले नाही, कारण पाणी कुणी दिले नाही. कुणी मारले नाही. कुणी जिवाची धमकी दिली नाही. तरीही तीस-पस्तीस वर्षांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा' लिहिताना बाबासाहेबांनी आरंभच या प्रवासाने केला आणि त्याचा ठसा पुसला गेला नाही हे नोंदवले. त्याच लेखनात १९१७ च्या बडोद्यातील पारशी धर्मशाळेतून हाकलले गेल्याचे सांगताना, अठरा वर्षांनंतरही डोळ्यांत पाणी आल्याशिवाय तो दिवस आठवत नाही, असे ते लिहितात. सूचीच्या भाषेत मसूरचा प्रवास आघातात मोडत नाही. आमच्या भाषेत तो आघाताचा पहिला दस्तऐवज आहे.

जागतिक आरोग्य संघटनेची २०२२ पासून लागू झालेली सूची या बाबतीत एक पाऊल पुढे आहे. तीत 'जटिल' आघातोत्तर विकृती आहे : ज्या प्रसंगांतून सुटका अवघड वा अशक्य असते, आणि जे दीर्घकाळ किंवा पुन्हा पुन्हा घडतात, त्यांच्यातून आलेली. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ ज्युडिथ हर्मन यांनी हे १९९२ मध्येच मांडले होते. लंडनमध्ये काम करणारे मनोविकारतज्ज्ञ सुश्रुत जाधव यांनी मानववंशशास्त्रज्ञ डेव्हिड मॉस आणि इतरांसह २०१६ मध्ये जातिभेदाचा मनावर होणारा परिणाम हा विषय थेट मांडला. दार किलकिले झाले आहे.

पण या दारातून जाताना सावध राहिले पाहिजे. १८५१ मध्ये अमेरिकेत सॅम्युअल कार्टराइट नावाच्या डॉक्टरने गुलामांनी पळून जाणे हा मनाचा रोग ठरवला होता. आणि हितचिंतकांचीही एक चूक आहे. युद्धातील आघातावर १९४१ मध्ये मूलभूत ग्रंथ लिहिणाऱ्या अब्राम कार्डिनर यानेच १९५१ मध्ये एका सहकाऱ्यासह अमेरिकन निग्रोंच्या मनावर पुस्तक लिहिले. हेतू सहानुभूतीचा होता. चित्र मात्र असे उतरले की काळा माणूस आतून मोडलेलाच असतो. काळ्या विचारवंतांनी ते नाकारले. आपणही नाकारले पाहिजे. विकार अत्याचार झालेल्या माणसात आहे आणि अत्याचार करणारा निरोगी आहे, असे म्हणणारे निदान आपल्याला नको. अल्जीरियात ब्लिदा येथील इस्पितळात काम करणाऱ्या फ्रांत्झ फॅनन याने १९५६ मध्ये राजीनामा दिला तो याच पेचातून. ज्या व्यवस्थेने माणसे वेडी होतात, तिच्यातच त्यांना बरे करून परत पाठवायचे कसे?

५

उपचाराबद्दल बहुतेक तज्ज्ञांचे एकमत आहे की पहिली पायरी सुरक्षितता. हर्मन यांच्या मांडणीत आधी सुरक्षितता, मग स्मरण आणि शोक, मग माणसांत परतणे. हे वाचताना मला भैयालाल भोतमांगे आठवले. २९ सप्टेंबर २००६ रोजी खैरलांजीत त्यांची पत्नी सुरेखा, मुलगी प्रियांका, मुले सुधीर आणि रोशन यांना गावाने मारले. त्यानंतर दहा वर्षे हा माणूस न्यायालयांच्या वाऱ्या करीत होता, सभांमधून उभा राहत होता. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल येण्याआधीच, २० जानेवारी २०१७ रोजी, हृदयविकाराने ते गेले. आपल्या चळवळीने स्वतःलाही एक प्रश्न विचारायला हवा. आपण त्यांना व्यासपीठ दिले, पण निवांत बसायला जागा दिली का? सत्यशोधन समिती येते, पत्रकार येतो, पोलीस येतो, आणि विधवेला किंवा बापाला तोच दिवस पुन्हा सांगावा लागतो. जानेच्या भाषेत, तो सांगत नसतो, त्याच्यावर तो पुन्हा घडत असतो. साक्ष न्यायासाठी लागते हे खरे. पण ती एकदाच, नीट, जवळचे माणूस शेजारी बसवून घेता येते.

आणि तरीही बोलण्याला पर्याय नाही. १९७८ या एकाच वर्षी मराठवाडा जळाला आणि दया पवारांचे 'बलुतं' आले. त्यात दगडू मारुती पवार हा दया पवारांशी बोलतो. एकाच माणसाची दोन माणसे झालेली आहेत आणि एकाला दुसऱ्याची लाज वाटते आहे. बेबी कांबळे यांच्या 'जिणं आमुचं'मध्ये आषाढात अंगात येणाऱ्या बायका आहेत. एरवी जिला घरात शब्द काढता येत नाही, ती देवीच्या तोंडून बोलते आणि सगळे हात जोडून ऐकतात. समीक्षकांनी या पुस्तकांना साहित्य म्हणायचे की समाजशास्त्र म्हणायचे यावर वाद घातले. मी म्हणेन, जे केसपेपरवर यायला हवे होते आणि आले नाही, तेही या पुस्तकांत आहे. मनोविकारशास्त्र शिकणाऱ्या प्रत्येक मराठी विद्यार्थ्याने ती वाचावीत.

शेवटी कायद्याची बाजू कार्यकर्त्यांसाठी नोंदवतो. अत्याचार प्रतिबंधक कायद्यात २०१५ ची दुरुस्ती झाली, तीत 'पीडित' या शब्दाच्या व्याख्येत शारीरिक आणि आर्थिक हानीबरोबर मानसिक, मनोवैज्ञानिक आणि भावनिक हानी स्पष्ट शब्दांत आली आहे. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा सांगतो की मानसिक उपचार मिळण्याचा हक्क जातीवरून नाकारता येणार नाही, आणि कुणाच्या सामाजिक स्थितीवरून त्याला मनोरुग्ण ठरवता येणार नाही. म्हणजे १९७८ च्या पंचनाम्यात जो रकाना असणे शक्य नव्हते, त्याला आज कायद्याचा आधार आहे. तो भरून घेणे आपल्या हातात आहे. अत्याचाराची घटना घडली की जखमांच्या वैद्यकीय दाखल्याबरोबर मानसिक तपासणीचीही मागणी झाली पाहिजे आणि तो कागद दोषारोपपत्राला जोडला गेला पाहिजे. वसतिगृहांत आणि महाविद्यालयांत शिकवणाऱ्या आपण शिक्षकांनी गप्प बसलेला विद्यार्थी ओळखायला शिकले पाहिजे. रोहित वेमुला यांच्या २०१६ मधील मृत्यूनंतर तरी 'अभ्यास झेपला नसेल' हे वाक्य आपल्या तोंडून निघू नये. आणि आपली मुलेमुली या व्यवसायात गेली पाहिजेत, म्हणजे "गाव कोणतं?" या प्रश्नाच्या पुढे "आणि ते का सोडलं?" असे विचारणारे कुणीतरी टेबलाच्या पलीकडे असेल.

वडिलांच्या गोळ्या चालू आहेत. त्यांनी थोडी झोप येते, आणि ती मी कमी लेखत नाही. गेल्या पावसाळ्यात एका रात्री ते कडी तपासायला उठले तेव्हा मीही उठलो. दिवा लावला नाही. त्यांच्या शेजारी बसलो आणि म्हणालो, "दादा, आत्यानं मला सांगितलंय." बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "ओढ्याला लई पाणी होतं." आणि त्यांनी गावाचे नाव घेतले. वयाच्या पस्तिसाव्या वर्षी मी ते त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकले.